तोंडाचा वास आणि कडूलिंबाची काडी

तोंडाची दुर्गंधी बहुतेक वेळा पोटातून येत नाही, ती तोंडातच तयार होते. वास येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांत कारण जिभेच्या मागच्या भागावर साचलेला थर, हिरड्यांची सूज, दातांच्या फटीत कुजणारे अन्न किंवा किडलेला दात यांपैकीच काहीतरी असते. "पोट साफ नाही म्हणून वास येतो" ही समजूत मात्र फार घट्ट आहे. तिच्यापायी माणसे महिनोन् महिने जुलाबाची चूर्णे घेत राहतात आणि जीभ कधी आरशात पाहत नाहीत. उपाय कोणता करायचा हे ठरवण्याआधी वास कुठून येतो हे समजून घेतले, तर निम्मे काम तिथेच होते.

जिभेचा पृष्ठभाग खरखरीत असतो. मागच्या बाजूला तर लहान लहान खळग्यांमध्ये मृत पेशी, अन्नाचे कण आणि लाळेतली प्रथिने अडकून राहतात. तिथे हवा नीट पोहोचत नाही, म्हणून प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना ती जागा मानवते. हे जंतू प्रथिने फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. मिथाइल मरकॅप्टनचा वास त्याहून उग्र, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर त्याचे प्रमाण वाढते. हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल झाली की तिथेही हेच जंतू वस्ती करतात. दात घासताना रक्त येणे ही त्याची पहिली खूण आहे. दात हलत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून बहुतेक लोक या खुणेकडे दुर्लक्ष करतात.

या सगळ्यावर शरीराने ठेवलेला पहारेकरी म्हणजे लाळ. ती तोंड सतत धुते, आम्लता कमी करते आणि जंतूंना आवर घालते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर निरोगी माणसाच्याही तोंडाला वास येतो. तो तोंड धुतल्यावर आणि काही खाल्ल्यावर जातो, त्याला आजार म्हणत नाहीत. पण वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, शेतात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याचे, दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसणाऱ्याचे किंवा निर्जळी उपवास करणाऱ्याचे तोंड दुपारीही कोरडेच असते. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. अशा माणसाने कितीही लवंगा चघळल्या तरी पाणी वाढवल्याशिवाय फरक पडत नाही. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

वास आहे की नाही, हे कसे ओळखावे

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, कारण नाक सततच्या वासाला सरावते. ओंजळीत फुंकर मारून वास घेण्याची पद्धत फारशी भरवशाची नाही. त्यापेक्षा मनगटाची आतली बाजू जिभेने ओली करावी, दहा सेकंद वाळू द्यावी आणि मग वास घ्यावा. दुसरी पद्धत चमच्याची. स्वच्छ चमचा उलटा धरून जिभेच्या शक्य तितक्या मागून पुढे ओढावा आणि चमच्यावर आलेल्या पांढुरक्या-पिवळसर थराचा वास घ्यावा. दाढांच्या फटीतून दोरा काढून त्याचाही वास पाहता येतो. दोऱ्याला वास असेल आणि जिभेला नसेल, तर दोष हिरड्यांत किंवा फटीत आहे असे समजावे.

या सगळ्यांहून खरे उत्तर घरातल्या माणसाचे. नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला, मोठ्या मुलाने आईला विचारावे. प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे खरे. पण जवळचे माणूस गप्प राहते म्हणून वास नाही, असे होत नाही. दंतवैद्यही शेवटी हीच पद्धत वापरतात: ठराविक अंतरावरून श्वासाचा वास घेऊन त्याला शून्य ते पाच असा अंक देतात.

काही लोकांना वास नसतानाही आपल्या तोंडाला वास येतो अशी खात्री वाटते. ते बोलताना तोंडावर हात धरतात, माणसांत मिसळत नाहीत. दोन-तीन विश्वासू माणसांनी आणि एका दंतवैद्याने "वास नाही" असे सांगूनही मन मानत नसेल, तर काढे-गुळण्या वाढवत न जाता मानसोपचाराचा सल्ला घ्यावा. ही भीती खरी असते, आणि तिच्यावर उपचारही आहेत.

जामच्या परिसरात काय हाताशी आहे

जाम हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले गाव नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर आहे. वरोरा–चंद्रपूरकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो, म्हणून जामच्या चौरस्त्यावर दिवसरात्र वाहने आणि माणसे असतात. चौरस्त्यावरून थोडे आत वळले की कपाशी, सोयाबीन आणि तुरीची शेते लागतात. बांधावर कडूलिंब आणि बाभूळ, नाल्याकाठी करंज. दातवणाची तिन्ही झाडे इथे विकत घ्यावी लागत नाहीत. याच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद प्रसिद्ध आहे. तिच्यात कुरकुमिनचे प्रमाण जास्त असते आणि २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिळाचे तेल, मीठ, ओवा, बडीशेप घरोघरी असतेच.

म्हणजे उपायाच्या सामानाची इथे वाण नाही. वाण आहे ती पद्धतीची. काडी दोन मिनिटे दाताखाली धरून चौकात उभे राहणे म्हणजे दातवण करणे नव्हे.

दातवण

दात घासण्यासाठी झाडाची काडी वापरण्याचा उपदेश चरक, सुश्रुत आणि वाग्भट तिघांनीही केला आहे. काडी करंगळीएवढी जाड, बारा अंगुळे लांब, सरळ आणि बिनगाठीची असावी, हे त्यांचे माप आजही व्यवहारात चालते. चवीने तुरट, तिखट किंवा कडू झाडे त्यांनी योग्य मानली. सुश्रुताने कडू झाडांत कडूलिंब, तुरटांत खैर आणि तिखटांत करंज श्रेष्ठ ठरवला आहे. मात्र जुन्या यादीतले प्रत्येक झाड आज तोंडात घालू नये. चरकाच्या यादीत कण्हेर आणि रुई ही नावे आहेत. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि रुईचा चीक तोंडाची त्वचा भाजतो. घरी करायच्या उपायात ही दोन्ही पूर्णपणे वर्ज्य. कडूलिंब, बाभूळ आणि करंज एवढ्यावर थांबावे.

काडी कुठून तोडायची, याला जामसारख्या ठिकाणी फार महत्त्व आहे. महामार्गाच्या कडेच्या झाडांवर धूळ आणि धुराची काजळी बसलेली असते. शेताच्या बांधावरच्या झाडांवर कपाशीची फवारणी उडते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ज्या औषधाचा वास श्वासातून जाऊनही माणूस आडवा होतो, ते लागलेली काडी दाताखाली चघळण्यात शहाणपण नाही. अंगणातले, मंदिराजवळचे किंवा गावातल्या मोकळ्या जागेतले झाड निवडावे. जुलै ते नोव्हेंबर हा फवारणीचा हंगाम असतो, तेव्हा बांधावरची काडी तोडूच नये. तोडलेली काडी नेहमी वाहत्या पाण्याखाली धुवावी.

फांदी कोवळी पण लवचीक, साधारण वर्षभराच्या आतली घ्यावी. फार कोवळी लगेच चोथा होते, फार जून हिरडीला टोचते. वीतभर लांबीचा तुकडा पुरतो. एका टोकाची साल अर्धा इंच सोलावी आणि ते टोक दाढेखाली सावकाश चावावे. दोन-तीन मिनिटांत तंतू सुटून कुंचली तयार होते. कडू रस तोंडात फिरू द्यावा आणि थुंकावा, गिळू नये. चावताना लाळ भरपूर सुटते. काडीचा निम्मा गुण या लाळेतच आहे, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये.

कुंचली झाली की खरे घासणे सुरू होते. वरचे दात हिरडीपासून खाली आणि खालचे दात हिरडीपासून वर, अशी हलक्या हाताने कुंचली फिरवावी. आडवे रगडल्याने हिरड्या मागे सरकतात आणि दातांच्या मुळाशी खाचा पडतात. वर्षानुवर्षे काडी वापरणाऱ्या वयस्क लोकांच्या पुढच्या दातांवर अशा खाचा दिसतात. दोष काडीचा नसतो, हाताचा असतो. काडी सरळ असल्यामुळे पुढच्या दातांची बाहेरची बाजू लखलखीत होते आणि दाढांची आतली बाजू तशीच राहते. वास तर तिथेच असतो. त्यासाठी काडीचे चावलेले टोक थोडे वाकवून घ्यावे आणि तोंड अर्धे मिटून गालाच्या आतून दाढांपर्यंत न्यावे. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू सुटली तर सगळी मेहनत अपुरी. पाच ते सात मिनिटे लागतात. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी साधा ब्रश वापरलेला बरा.

काडी वापरून झाली की चावलेले टोक कापून टाकावे. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी चालतो, पण कुंचली ताजी करावी लागते. गांधीजींचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनी येरवड्याच्या तुरुंगातली अशीच आठवण लिहिली आहे: वापरलेले टोक रोज कापून तीच काडी जोवर हातात धरता येते तोवर वापरावी, असा गांधीजींचा आग्रह असे. हेच गांधीजी १९३६ पासून याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. त्यांचा हेतू काटकसरीचा होता, पण स्वच्छतेच्या दृष्टीनेही रीत योग्य आहे, कारण जंतू साचतात ते चावलेल्या टोकात. एक काडी दोघांनी वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

कडूलिंबाच्या अर्काने तोंडातले काही जंतू वाढायचे थांबतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. कडूलिंबाच्या गुळणीने दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झाल्याचे लहान लहान अभ्यासही आहेत. थेट दुर्गंधीवर काडीचा किती परिणाम होतो, यावरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. म्हणून काडीकडे औषध म्हणून कमी आणि स्वच्छतेचे साधन म्हणून जास्त पाहावे. बाभळीच्या काडीत टॅनिन असते, त्यामुळे ती तुरट लागते आणि सैल, रक्त येणाऱ्या हिरड्या घट्ट झाल्यासारख्या वाटतात. रक्त येणाऱ्यांनी बाभळीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

काडीत फ्लोराइड नसते, ही तिची मोठी उणीव. कीड रोखण्यात फ्लोराइडचा वाटा मोठा आहे. तेव्हा सकाळी दातवण आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश, ही जोडी सर्वांत व्यवहार्य. रात्रीचे घासणे ग्रामीण भागात क्वचितच होते, आणि त्यामुळे सकाळचा वास वाढतो. रात्रभर लाळ नाही आणि दातांत तुरीच्या वरणाचे, भाकरीचे कण. सहा वर्षांखालच्या मुलांना काडी देऊ नये, टोचण्याची आणि तुकडा घशात जाण्याची भीती असते. कडूलिंबाचे तेल ही वेगळी वस्तू आहे, ते लहान मुलांच्या पोटात गेले तर घातक ठरते. दातवण चालते म्हणून तेलही चालेल, असे समजू नये.

जिभली

दातांइतकीच, किंबहुना वासाच्या बाबतीत जास्त महत्त्वाची जागा जीभ. जुन्या ग्रंथांत सोने, चांदी, तांबे, पितळ यांच्या जिभल्या सांगितल्या आहेत. आज तांब्याची किंवा स्टीलची पट्टी जनरल स्टोअर्समध्ये थोडक्या पैशांत मिळते. काहीच नसेल तर दातवण मधोमध उभे चिरून त्याची एक फाक वाकवून वापरतात, ती पूर्वापारची पद्धत आहे, मात्र फाकेची कड गुळगुळीत असावी.

जीभ बाहेर काढून जिभली शक्य तितकी मागे टेकवावी आणि हलक्या दाबाने पुढे ओढावी. प्रत्येक ओढीनंतर पाण्याने धुवावी. चार-पाच वेळा पुरते. रक्त येईपर्यंत खरवडणे चुकीचे. ओकारी येते म्हणून बहुतेक लोक जिभेचा पुढचा भागच साफ करतात, पण थर असतो मागे. श्वास बाहेर सोडत असताना जिभली ओढली आणि रोज थोडे थोडे मागे सरकत गेले, तर आठवड्याभरात ओकारी कमी होते. नुसत्या जिभलीने वास काही तासांपुरताच उतरतो, म्हणून ती रोजची सवय व्हावी लागते. एवढ्या खर्चात आणि एवढ्या वेळात इतका फरक पाडणारे दुसरे साधन नाही.

तेलाची आणि पाण्याची गुळणी

आयुर्वेदात गंडूष आणि कवल असे दोन प्रकार आहेत. गंडूषात तोंड पूर्ण भरून द्रव न हलवता धरतात, कवलात कमी द्रव घेऊन तो तोंडात खेळवतात. घरगुती उपायासाठी कवल सोपा. सकाळी उपाशीपोटी एक मोठा चमचा तिळाचे तेल तोंडात घ्यावे आणि दातांच्या फटींतून पाच ते दहा मिनिटे सावकाश फिरवावे. तेल पातळ आणि पांढुरके झाले की थुंकावे, मग कोमट पाण्याने चूळ भरावी. हे तेल गिळायचे नाही, आणि मोरीतही थुंकायचे नाही, नळी तुंबते.

या उपायाची परीक्षाही झाली आहे. तमिळनाडूत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २० किशोरवयीन मुलांना दोन आठवडे तिळाच्या तेलाची किंवा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाची गुळणी करायला दिली. दोन्ही गटांत दुर्गंधी कमी झाली आणि फरक जवळपास सारखाच होता. वीस जण म्हणजे फार थोडे, म्हणून यावरून मोठे दावे करता येत नाहीत. पण तेल करून पाहण्यात अर्थ आहे, एवढे म्हणता येते. क्लोरहेक्झिडिन फार दिवस वापरले की दातांवर तपकिरी डाग पडतात, तेलाने ते पडत नाहीत. "तेलाने शरीरातले विष बाहेर पडते" हे मात्र खरे नाही. पांढुरकेपणा येतो तो तेल आणि लाळ घुसळली गेल्यामुळे.

विदर्भात जवसाचे तेल खायला वापरतात. गुळणीला ते घेऊ नये. ते हवेत लवकर खवट होते आणि त्याचाच वास राहतो. अर्धांगवायू झालेल्या, गिळायला त्रास असलेल्या, फार वृद्ध माणसांनी आणि लहान मुलांनी तेलाची गुळणी करू नये. तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते. आडवे पडून तर कोणीच करू नये.

पाण्याच्या गुळण्यांत मिठाची सर्वांत सोपी: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर. हिरड्या दुखऱ्या असतील तर त्यातच पाव चमचा हळद घालावी. वायगावची असो की दुसरी, दळलेली आणि भेसळ नसलेली हवी, म्हणून घरच्या हळकुंडाची उत्तम. दात तात्पुरते पिवळे दिसतात, कपड्यांवर मात्र कायमचा डाग पडतो. त्रिफळ्याचा काढाही चालतो. चमचाभर चूर्ण दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवावे, गाळून थंड करावे. तो आंबट-तुरट असतो, म्हणून नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश करू नये. बाभळीच्या सालीचा काढा असाच करतात. एकाच वेळी हे सगळे सुरू करण्याची गरज नाही, एक पुरतो.

चघळण्याच्या वस्तू

लवंग, वेलदोडा, बडीशेप, ओवा, भाजलेले जिरे यांनी वास झाकला जातो, मूळ जात नाही. तरी त्यांचा एक खरा उपयोग आहे: चघळल्याने लाळ सुटते. जेवणानंतर अर्धा चमचा बडीशेप सावकाश चावणे ही चांगली सवय, फक्त साखरेच्या गोळ्या मिसळलेली नको. लवंग एका वेळी एकच. तिच्यातले युजेनॉल जीभ बधिर करते आणि जास्त झाले तर भाजते. लवंगेचे निव्वळ तेल हिरडीला लावू नये.

कांदा-लसणाचा वास वेगळा. लसणातला एक गंधकयुक्त घटक रक्तात जातो आणि पुढे कित्येक तास फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर येत राहतो, म्हणून दात घासून तो जात नाही. जेवणातच कच्चा पुदिना, सफरचंद किंवा दूध घेतल्याने तो कमी होतो. सावजी रस्सा आणि लसणाचा ठेचा खाऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वास राहिला, तर काळजीचे कारण नाही.

काय करू नये

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. गुडाखूही तंबाखूचाच. दोन्हींनी दात घासल्यावर तोंड स्वच्छ वाटते, कारण हिरड्या बधिर होतात, आणि सवय लागते. स्त्रियांमध्ये ही सवय घरात लपलेली राहते, म्हणून तिच्याबद्दल घरातच बोलले गेले पाहिजे. राख, विटेची भुकटी, वाळू, कोळसा यांनी दाताचे वरचे कठीण आवरण घासून जाते आणि ते परत येत नाही. लिंबू चोळल्याने दात क्षणभर पांढरे दिसतात, पण आम्लाने तेच आवरण विरघळते. खाण्याचा सोडा चिमूटभर पाण्यात घालून चूळ भरायला ठीक, पण रोज दातांवर रगडू नये.

आणि खर्रा. विदर्भात तोंडाच्या वासाबद्दल लिहिताना तो टाळता येत नाही. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मिळतो, चौरस्त्यावर मिळतो, शेतात मजुरांच्या खिशात असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटून देणे सुरूच राहिले. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे हिरड्या आतून खराब होत असतानाही रक्त येत नाही आणि आजार लपून राहतो. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, कर्करोग करते. खर्रा चालू ठेवून कडूलिंबाची काडी फिरवण्याने वास जाणार नाही. त्याहून वाईट म्हणजे वास झाकला जाईल आणि पुढचे कळणार नाही.

खर्रा खाणाऱ्याने स्वतःची एक तपासणी महिन्यातून एकदा करावी. आपल्याच हाताची तीन बोटे एकमेकांवर उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तिखट खाताना तोंड भाजत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर कोणताही घरगुती उपाय करत बसू नये. त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

दोन आठवड्यांची परीक्षा

उपायाला दोन आठवडे द्यावेत. त्यामागे कारण आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. म्हणजे साधी सूज असेल तर चौदा दिवसांत सुधारणा दिसायलाच हवी.

पहिल्या दिवशी मनगटाची आणि चमच्याची परीक्षा करावी, घरातल्या एका माणसाचे मत घ्यावे. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळी दातवण आणि जिभली, रात्री ब्रश, आणि दिवसभर पुरेसे पाणी. दुसऱ्या आठवड्यात त्यात तेलाची किंवा मिठाची गुळणी मिळवावी. असे टप्प्याने केले की कशाने फरक पडला ते कळते. परीक्षा दर वेळी एकाच वेळेला, जेवणाआधी आणि त्याच माणसाकडून करून घ्यावी, कारण सकाळी उठल्याबरोबर घेतलेला वास आणि दुपारचा वास यांची तुलना होत नाही. पहिले तीन-चार दिवस रक्त थोडे जास्त येऊ शकते. सुजलेल्या हिरडीला बऱ्याच दिवसांनी स्पर्श होतो, म्हणून. ते पाहून घासणे सोडू नये. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. नुसती जीभ साफ करून त्यांचा वास जाणार नाही.

दोन आठवड्यांनी वास तसाच असेल, तर दातांवर कठीण कीटण बसलेले असण्याची शक्यता मोठी. ते कोणत्याही काडीने निघत नाही, दंतवैद्याकडे यंत्राने काढावे लागते. दात साफ केल्याने ते हलायला लागतात, ही भीती निराधार आहे. आधीच सैल झालेले दात कीटणाच्या आधाराने उभे असतात आणि कीटण निघाल्यावर खरी स्थिती कळते, एवढेच.

दात, हिरड्या आणि जीभ ठीक असूनही वास राहिला तर इतर कारणे पाहावी लागतात. टॉन्सिलच्या खळग्यांत पांढरे खडे साचतात आणि खोकताना कधी कधी बाहेर पडतात, त्यांना फार घाण वास असतो. जुन्या सायनसच्या आजारात घशात स्राव उतरत राहतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर तिथे चणा, मणी किंवा फोमचा तुकडा अडकलेला असतो. तो घरी काढायचा प्रयत्न करू नये. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाच्या आजारात श्वासाला अमोनियासारखा वास येतो. यांपैकी कशावरही दातवण हा उपाय नाही.

जामहून समुद्रपूरचे ग्रामीण रुग्णालय आणि हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. दातांच्या तपशीलवार उपचारांसाठी वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात नाक-कान-घसा, मधुमेह आणि कर्करोगाची तपासणी होते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, कोणता घरगुती उपाय किती दिवस केला ते सांगावे, आणि खर्रा किंवा मशेरीची सवय लपवू नये. तपासणीच्या दिवशी सकाळी लवंग, वेलदोडा किंवा सुगंधी गुळणी घेऊ नये, नाहीतर ज्या वासासाठी माणूस तिथे गेला तोच डॉक्टरांना सापडणार नाही.